आधी बांध, मग पक्षी: इंग्लंडच्या शेतात ग्रे पार्ट्रिज परत आणताना

"शेतावर पार्ट्रिज परत आणायचेत, पिल्लं कुठं मिळतील?" दर वर्षी दोन-तीन जण तरी मला हे विचारतात. मी त्यांनाच उलट विचारतो, की जूनच्या मध्यावर कधी गव्हाच्या कडेला गुडघे टेकून बसलात का? रोपांच्या बुडाशी अळ्या, भुंगेरे, तुडतुडे किती दिसतात ते पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. ते पाहिल्याशिवाय पिंजऱ्यातला एकही पक्षी शेतात सोडू नका.

मी मूळचा बार्शीकडचा. आमच्या बांधावर पहाटे तित्तर ओरडायचे, त्यांच्या आवाजानंच जाग यायची. आता इंग्लंडच्या पूर्वेकडच्या भागात शेतीसल्ल्याचं काम करतो आणि ग्रे पार्ट्रिज हा इथला पक्षी माझ्या जिवाभावाचा झाला आहे. तित्तराच्या दूरच्या नात्यातलाच हा. बुटका, गोलमटोल, चेहरा नारिंगी. तोही शेतातच जगतो. जंगलाशी त्याला देणंघेणं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये याच्या दहा लाखांहून जास्त जोड्या होत्या असा अंदाज आहे. १९६७ मध्ये जे उरले होते, त्यातलेही नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी आजवर संपले. त्याचं कारण डिक पॉट्स या शास्त्रज्ञानं ससेक्सच्या टेकड्यांवर १९६८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातून उलगडलं. १९५० च्या दशकात तणनाशकं आली. त्यांनी पक्षी मारले नाहीत, तण मारलं. तणावर जगणारे किडे गेले आणि पहिले दोन-तीन आठवडे जवळपास किड्यांवरच वाढणारी पिल्लं उपाशी मेली. त्यातच शेतं मोठी करायला बांध आणि झुडपी कुंपणं काढली, तेव्हा घरट्याची जागा गेली. गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांची राखण करणारी माणसं, कमी झाली, तेव्हा अंड्यावर बसलेल्या माद्या कोल्ह्यांच्या तोंडी जाऊ लागल्या. या तीन गोष्टी जिथं सुधारल्या नाहीत तिथं सोडलेले पक्षी काही महिन्यांत नाहीसे होतात. कितीही सोडा.

मोजणी

पहिलं वर्षभर फक्त मोजा. मार्चमध्ये, पिकं बुटकी असताना, सूर्य उगवल्यावर तासभर आणि मावळण्याआधी तासभर गाडी अगदी सावकाश बांधाबांधानं फिरवायची. या दिवसांत थवे फुटून जोड्या लागलेल्या असतात. नराच्या पोटावर घोड्याच्या नालेसारखी तपकिरी खूण ठसठशीत असते, मादीची लहान किंवा पुसट. पक्षी हातात आला तर खांद्याजवळची पिसं पाहा, मादीच्या पिसांवर आडव्या पांढरट रेषा असतात.

दुसरी मोजणी कापणीनंतर, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, धसकटांत. तेव्हा अख्खं कुटुंब एकत्र दिसतं. थव्यात मोठे किती, पिल्लं किती, हे वेगळं लिहा. पिल्लांशिवाय फिरणाऱ्या जोड्या कुठं दिसल्या ते नकाशावर टिपा, त्यांचा पुढं फार उपयोग होणार आहे. देशभरातले शेतकरी १९३३ पासून अशी मोजणी करत आले आहेत. गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेच्या पार्ट्रिज मोजणी योजनेत कुणालाही सहभागी होता येतं.

मोजणीत रानटी जोड्या आढळल्या, अगदी मोजक्या असल्या तरी, तर पिंजऱ्यातले पक्षी आणायची घाई करू नका. त्या जोड्या म्हणजे तुमची खरी ठेव. त्यांच्या आईबापांनी इथले कोल्हे, इथला हिवाळा, इथली जमीन सोसलेली आहे. त्यांच्यासाठी फक्त रान सुधारलं तरी संख्या आपोआप वाढते. वर बाहेरचे पक्षी ओतले तर रोग येतो, रानटी वंशात भेसळ होते आणि मोजणीतून नेमकं काय कळलं तेही सांगता येत नाही.

रान तयार करणं

याला दोन वर्षं द्या. पार्ट्रिजला एकाच हाकेच्या अंतरावर तीन गोष्टी लागतात: घरट्याला वाळकं गवत, पिल्लांना किडे, हिवाळ्यात आडोसा.

घरटं मादी जमिनीवरच करते आणि त्यासाठी तिला मागच्या वर्षीचं उभं वाळलेलं गवत हवं असतं. एप्रिलमध्ये नुकतं हिरवं फुटलेलं गवत तिच्या कामाचं नाही. म्हणून गवताच्या पट्ट्या दर वर्षी सरसकट कापू नका. दोन-तीन वर्षांच्या पाळीनं थोडा थोडा भाग कापा, आणि तोही शरदात. एप्रिल ते ऑगस्ट यंत्र बांधाकडे फिरकायलासुद्धा नको. झुडपी कुंपण दोन मीटरच्या आत ठेवा. उंच झाडांवर कावळे बसून मादीची ये-जा टिपतात.

मोठ्या शेताच्या मध्यातून बीटल बँक काढा. आपल्याकडच्या बांधासारखाच हा उंचवटा असतो: दोनेक मीटर रुंद, फूट-सव्वा फूट उंच, वर कॉक्सफूटसारखं झुबक्याचं गवत पेरलेलं. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळेल एवढी जागा मोकळी सोडली की शेतकऱ्याची तक्रार राहत नाही. हिवाळ्यात त्या गवतात भुंगेरे दडून बसतात, वसंतात पिकात उतरून मावा खातात आणि त्याच गवतात पार्ट्रिज अंडी घालते. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारण इथले शेतकरी तो पाखरांच्या आधी स्वतःच्या पिकासाठी स्वीकारतात.

किती लागतं? ढोबळ हिशेब असा. १०० हेक्टरला, म्हणजे अडीचशे एकरांना, घरट्यालायक पट्ट्या सुमारे ७ किलोमीटर आणि किड्यांची जागा पिकाखालच्या क्षेत्राच्या ५ टक्के. भक्षकांवर पूर्ण वेळ लक्ष ठेवणारा गेमकीपर असेल तर पट्ट्या ४ किलोमीटरच्या आसपास आणि जागा ३ टक्के असली तरी भागतं.

किड्यांची जागा ही गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक प्रयोग इथंच फसतात. फुलांची पट्टी पेरली, रंगीत दिसली, फोटो निघाले, म्हणजे पिल्लांचं भागलं असं होत नाही. पिल्लू ओंजळीत मावेल एवढं असतं. झाडोरा इतका दाट असेल की त्याला त्यातून चालताच येत नाही, तर आत लाख किडे असून उपयोग काय? त्यात पहाटेच्या दवानं पिल्लू भिजलं तर गारठून मरतं. वर छत्रीसारखी पानं आणि खाली चालायला मोकळी माती, अशी रचना हवी. गव्हाच्या कडेच्या सहा मीटरांत निवडक तणनाशक आणि उन्हाळी कीटकनाशक टाळण्याची पद्धत १९८० च्या दशकात इथं बसवली गेली, ती याच कारणानं. गहू उभा, मध्ये रुंद पानांचं तण, तणावर सॉफ्लाय नावाच्या माशीसारख्या किड्याच्या अळ्या, पानभुंगेरे, ढेकूणवर्गी किडे, आणि खाली मोकळी जमीन. ही कड घरट्याच्या पट्टीला लागूनच असावी. अंड्यांतून बाहेर आलेल्या पंधरा पिल्लांना घेऊन आईनं मोकळं शेत ओलांडायचं म्हटलं तर वाटेत निम्मी जातात.

तपासायची पद्धत सोपी आहे. पिल्लं बाहेर पडायचा हंगाम जूनच्या मध्यावर असतो. तेव्हा त्या कडेत जाळी फिरवा किंवा रोपाखाली पांढरा कागद धरून ते झटका. हिरव्या, सुरवंटासारख्या अळ्या कागदावर पडायला लागल्या की समजा रान तयार होतंय.

हिवाळ्यासाठी केल (कोबीच्या जातीची भाजी), ट्रिटिकेल (गव्हासारखं धान्य), क्विनोआ यांचं दोन वर्षं उभं राहणारं मिश्रण लावा, धसकटं जमतील तेवढी फेब्रुवारीपर्यंत नांगरू नका. गव्हाचे दाणे ठेवायचे डबे कुंपणाच्या कडेनं लावा, अपेक्षित जोडीमागं दोन तरी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते रिकामे पडू देऊ नका. लोक मार्चमध्ये डबे काढतात. तेव्हाच रान सगळ्यात उपाशी असतं आणि मादी अंड्यांसाठी अंग धरत असते.

भक्षकांविषयी आपल्या लोकांना बोलायला अवघड जातं, मलाही गेलं. पण सॉल्सबरीच्या मैदानावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेला प्रयोग डोळ्यांआड करता येत नाही. प्रजननाच्या महिन्यांत कोल्हे, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), कावळे, मॅगपाय (कावळ्याच्या कुळातला पक्षी) यांना आवरल्यावर तीन वर्षांत तिथल्या प्रजननक्षम पार्ट्रिजची संख्या २.६ पट झाली. मादी जवळपास २५ दिवस एकटीच अंड्यांवर बसते, नर पहारा देतो. ते दिवस सांभाळायचे. हे काम परवाना आणि कायदा माहीत असलेल्या माणसाकडेच द्या. ससाणे आणि इतर शिकारी पक्षी १९८१ च्या कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांच्यावर उपाय एकच: आडोसा वाढवणं.

आता पक्षी

दोन मोजण्यांत एकही जोडी नाही, शेजारच्या शेतांतून येण्यासारखीही नाही, आणि रान तयार आहे. तेव्हाच हा भाग वाचा.

यंत्रात उबवून, दिव्याखाली वाढवलेलं पिल्लू दिसायला धडधाकट असतं. पण त्याला आई मिळालेली नसते. सावली डोक्यावरून गेली की दबून बसायचं, कोल्हा दिसला की कुठल्या आवाजावर उडायचं, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. पोटाचीही गोष्ट आहे. फिनलंडमधल्या अभ्यासात दिसलं, की गोळीखाद्यावर वाढलेल्या पार्ट्रिजचा पेषणीचा स्नायू हलका आणि आतडी आखूड राहतात. असा पक्षी एकदम रानात आला की भरल्या शेतात उपाशी राहू शकतो. त्यामुळे सोडण्याच्या आधी निदान काही आठवडे त्याला गहू, हिरवा पाला, तणाचं बी द्यायला हवं.

म्हणून विकत घेताना पिल्लांची किंमत शेवटी विचारा. आधी हे विचारा: मूळ जोड्या ब्रिटिश रानटी वंशाच्या आहेत का? पिल्लं खऱ्या आईबापांनी वाढवली, बँटम कोंबडीनं वाढवली की दिव्यानं? जागेवर फेझंट (शिकारीसाठी पाळतात तो कोंबडीच्या कुळातला पक्षी) किंवा कोंबड्या पूर्वी होत्या का? श्वासनळीतल्या जंतांची आणि आतड्यातल्या जंतांची तपासणी झाली का? कोंबड्या आणि फेझंट यांच्या आतड्यातल्या एका जंताच्या अंड्यांतून ब्लॅकहेड हा रोग पसरतो, त्यामुळे खुडूक बँटम वापरायची असेल तर तिला आधी जंताचं औषध आणि नवी, न वापरलेली जमीन हवी.

खुडूक कोंबडीवरून आठवलं. सफोकमधल्या यूस्टन इस्टेटीवर शंभरेक वर्षांपूर्वी गेमकीपर रानातल्या घरट्यांतली अंडी उचलून कोंबडीखाली ठेवत आणि घरट्यात खोटी अंडी ठेवून मादीला बसतं ठेवत. अंड्यांना तडे जायला लागले की ती परत घरट्यात. पिल्लं बाहेर पडायची ती स्वतःच्या आईच्या पंखाखाली. बंदिस्त वाढवणं आणि रानटी आई यांची सांगड घालायची कल्पना त्या माणसांना तेव्हा सुचली होती. आजच्या चांगल्या पद्धती तिचेच वंशज आहेत.

पहिल्या वर्षी: कुटुंबासकट सोडणं

मोकळ्या रानात पहिल्यांदा पक्षी आणायचे तर ते कापणीनंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अख्ख्या कुटुंबानं आणा: एक नर, एक मादी आणि त्यांनीच वाढवलेली पिल्लं. वसंतात सुट्या जोड्या सोडण्याची पद्धत सोपी वाटते, पण त्या जोड्या भरकटतात आणि अंड्यांवर बसायच्या आतच मारल्या जातात.

हिवाळी पिकाच्या आडोशाला जाळीचा छोटा, हलवता येणारा पिंजरा ठेवा, प्रत्येक कुटुंबाला वेगळा आणि एकमेकांपासून चांगला लांब. जाळीचं छप्पर मऊ असू द्या, घाबरून उडाले तर डोकी फुटत नाहीत. आत गव्हाचा डबा तोच ठेवा जो बाहेर असणार आहे. काही दिवस तिथं राहू द्या. मग वारा-पाऊस नसलेल्या सकाळी थोडे पक्षी सोडा, बाकी आत. आतले हाका मारतात, बाहेरचे आसपास राहतात. एक-दोन दिवसांनी उरलेले, दार उघडं टाकून, कुणी जवळ न जाता.

माझी चूक सांगतो. एका शेतावर आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी सगळे थवे एकाच दिवशी, एकाच पिंजऱ्यातून सोडले. पाहुणे येणार होते, त्यांना उडताना दाखवायचे होते. आडोशाचं पीक अजून घोट्याएवढंच होतं. पहिल्या आठवड्यातच रोज कुठं ना कुठं पिसांचा ढीग दिसायला लागला. मार्चच्या मोजणीत एकही जोडी नव्हती. त्या पक्ष्यांचं काही चुकलं नव्हतं. तारीख माझ्या सोयीची होती, त्यांच्या नाही.

दुसऱ्या वर्षापासून: दत्तक देणं

पहिल्या हिवाळ्यातून वाचलेले पक्षी फेब्रुवारीत जोड्या करतात. त्यांतल्या अनेकांची घरटी पहिल्या उन्हाळ्यात मोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लांशिवाय फिरणाऱ्या या जोड्या म्हणजेच तुमच्या नकाशावरच्या खुणा. पार्ट्रिजमध्ये आईबापपणाची ओढ इतकी असते की रिकामी जोडी परकी पिल्लं सहज जवळ करते.

महिना-दीड महिन्याची, शक्यतो बँटमनं वाढवलेली, दहाच्या आसपास पिल्लं घ्या. जोडी रोज जिथं चरते तिथं, संध्याकाळी, छोट्या खुराड्यात ठेवा आणि लांब जाऊन दुर्बिणीतून पाहत बसा. पिल्लं बोलावतात. जोडी आधी दुरून फिरते, मग जाळीशी येते. नर पिल्लांसमोर ताठ उभा राहून हाक देऊ लागला की दोरीनं दार उचला. सगळी एका रांगेत गवतात जाताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बोलता आलं नव्हतं. त्या क्षणापासून त्या पिल्लांना इथलं रान ओळखणारे आईबाप मिळतात, आणि वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिलेल्या अभ्यासांत दत्तक दिलेली पिल्लंच जास्त टिकलेली दिसतात. जोडी आलीच नाही तर अंधार पडायच्या आत पिल्लं परत न्या. वाट पाहत रात्रभर ठेवलेलं खुराडं म्हणजे कोल्ह्याला आमंत्रण.

प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी घाला. वसंतात किती कड्यावाले आणि किती बिनकड्याचे, हा आकडा बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. बिनकड्याचे वाढू लागले म्हणजे रान स्वतः पक्षी देऊ लागलं. मग सोडणं बंद करा. चार-पाच वर्षं सोडूनही बिनकड्याचे दिसत नसतील तरीही बंद करा, आणि किड्यांच्या जागेकडे परत जा.

शिकारीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथं या सगळ्याचा पैसा बहुतेक वेळा शिकारीतूनच येतो. शरदात १०० हेक्टरला २० पक्ष्यांपेक्षा कमी असतील तर एकावरही बंदूक नाही. त्याच रानात लाल पायांच्या पार्ट्रिजची शिकार चालत असेल तर ग्रे थवा उठताच हाकाऱ्यानं शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी नळ्या खाली करायच्या, हा नियम सकाळीच सांगून ठेवा. चुकून मारलेल्या पक्ष्यांनी कितीतरी शेतांवरचं काम धुळीला मिळवलं आहे.

हॅम्पशायरमधल्या रॉदरफील्ड पार्कवर हे काम २०१० मध्ये सुरू झालं. ससेक्समध्ये अरुंडेलजवळच्या पेपरिंगमध्ये तर कुंपणं, बीटल बँका आणि गेमकीपर यांच्या जोरावर मोजक्या जोड्यांपासून मोठी रानटी संख्या उभी राहिली. या दोन्ही ठिकाणांबद्दल वाचताना पक्ष्यांच्या आकड्याबरोबर शेतांचा नकाशाही पाहा. किती लहान शेतं, किती पट्ट्या, त्या एकमेकींना कुठं मिळतात.

आपल्याकडे काय करता येईल

पिंजऱ्याचा भाग आपल्याकडे विसरा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तित्तर, लावे पकडणं, पाळणं, त्यांची अंडी उचलणं गुन्हा आहे. बाजारात मिळणारी जपानी बटेर पुण्यकर्म म्हणून माळावर सोडणं तर मुळीच नको. ती इथली नाही, आणि युरोपात तिचा रानटी लाव्याशी संकर होत असल्याचं दिसलं आहे.

पण रानाचा भाग जसाच्या तसा आपला आहे. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके इथं अजून बांध आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ते जाळू नका. ज्वारीच्या कडेच्या दोन ओळी फवारणीतून वगळा. बांधावरची बोर, तरवड, हिवर मुळासकट काढू नका, आणि गवत कापताना एका आड एक बांध सोडा. उन्हाळ्यात उथळ ताटलीत पाणी ठेवायचं तर ती झुडपाला लागून ठेवा, उघड्यावर नको. पहाटे बांधावर उभं राहून किती दिशांनी नर ओरडतात ते महिन्यातून एकदा वहीत लिहा, तारीख आणि गट नंबर टाकून. बार्शीला माझा भाऊ गेल्या उन्हाळ्यापासून लिहितो आहे. वहीचं पहिलं पान त्यानं मला पाठवलं, त्यावर तीन बाण काढलेत: दोन ओढ्याकडे आणि एक आमच्या जुन्या विहिरीच्या बांधावर.